मनाय बिनिंगचा एकच ग्लास

आमच्या काबारायच्या लोकांना कुणी दारुडे म्हटलं की माझं डोकं फिरतं. पितो आम्ही, नाही कुठे म्हणतोय. दुपार कलली की पितो, बारशाला पितो, मयताला पितो, होडी पाण्यात ढकलली की पितो आणि ती धड परत आली की पुन्हा पितो. पण आम्ही कसे पितो हे न बघता जो तोंड उघडतो त्याच्याशी मला भांडायचं असतं, आणि भांडायला मला वेळ भरपूर आहे. मी देल्फिन. कॅराओकेची यंत्रं दुरुस्त करतो. लेते बेटाच्या या किनाऱ्यावर जिथे जिथे माणसं बेसूर गातात, तिथल्या प्रत्येक यंत्राच्या पोटात माझे हात गेलेले आहेत. तरी ही गोष्ट माझी नाही. मी फक्त तिथे होतो.

गोष्ट बिनिंगची. खरं नाव ल्युदिविना. मनाय म्हणजे आमच्याकडे थोरली बहीण, पण तिच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा तिला मनायच म्हणतात आणि तिने आजवर कुणाला दुरुस्त केलेलं नाही. रस्त्याच्या वळणावर तिचं खिडकीएवढं दुकान आहे. साबण, मीठ, शिरका, शाम्पूच्या पुड्या, सुट्या सिगरेटी. दुकानासमोर बदामाचं झाड, झाडाखाली बांबूचे बाक एकमेकांसमोर मांडलेले. त्या सगळ्याला मिळून आम्ही 'बाक' म्हणतो. दुपारनंतर तिथे आम्ही बसतो आणि मनाय ओतते.

ओतते म्हणजे काय, ते नीट ऐका. एक जग असतो, त्यात माडावर चढणाऱ्या इस्कोने सकाळी उतरवलेली माडी, खारफुटीची साल घालून लाल केलेली. मध्ये ताटलीत चखणा, लसणात परतलेले शेंगदाणे नाहीतर शिरक्यात मुरवलेली मासळी. आणि ग्लास एकच. जाड काचेचा, काठाला टवका उडालेला. तो मनाय भरते आणि तुझ्यापुढे धरते. तू पितोस, रिकामा तिच्या हातात देतोस, मग पुढच्याचा नंबर. तू पीत नाहीस तोवर अख्खा बाक ताटकळतो. म्हणून ग्लास हातात धरून गोष्टी सांगत बसणाऱ्यासारखा पापी आमच्यात दुसरा नाही. "माइक आहे का रे तो?" असं मनाय विचारते, आणि चांगला दांडगा माणूससुद्धा घटाघटा पिऊन मोकळा होतो.

कुणाला किती, हे तिच्या हातात. ज्याला पहाटे समुद्रावर जायचं आहे त्याच्यापुढे काही वेळाने ग्लासऐवजी उकडलेलं केळं येतं. ज्याचं कुणी नुकतंच गेलंय त्याला अर्धाच, कारण त्याला रडायचंही असतं. आणि ज्याने घरी बायकोवर हात उगारलाय त्याच्यावरून ग्लास सरळ पुढे जातो. ती काही बोलत नाही, त्याच्याकडे बघतही नाही. त्याने तिथे बसावं, शेंगदाणे खावेत आणि आपल्याला का वगळलं याचा विचार करावा. आमच्या वॉर्डाच्या प्रमुखाला तिने एकदा अख्खी संध्याकाळ असं वगळलं होतं. गडी शेंगदाणे खाऊन खाऊन पोट बिघडवून घरी गेला, पण उठून गेला नाही. वगळलेला माणूस उठून गेला तर तो बाकाचा राहत नाही, हे प्रमुखालाही माहीत होतं.

पहिला घोट मात्र कुणाचाच नसतो. तो जमिनीवर, जे दिसत नाहीत त्यांच्यासाठी.

दुकानाच्या मागच्या खोलीत मनायची सासू राहते, म्हातारी सेगुन्दा. तिच्या खोलीची खिडकी बाकाकडे उघडते.  जग बाहेर आला की ती खिडकी आतून धाडकन बंद व्हायची, रोज, इतकी वर्षं. म्हातारीचा धाकटा मुलगा बर्तो माडावरून पडून मेला आणि गाव म्हणालं, प्यालेला होता. पाद्रीबुवांनी मयताच्या प्रार्थनेतसुद्धा दारूवर प्रवचन दिलं. तेव्हापासून म्हातारीने दारूचं नाव टाकलं आणि बाकाचं तोंड बघायचं सोडलं. आणि सून त्याच खिडकीखाली उभी राहून रोज ओतायची. लोक म्हणायचे, काय बाई आहे, हिला लाज कशी नाही. मनाय ऐकून घ्यायची आणि ओतायची.

ती ओतायला कशी लागली, तेही त्या बर्तोपासूनच सुरू होतं. बर्तो हा मनायच्या नवऱ्याचा, तेरोयचा, धाकटा भाऊ. इस्कोच्या हाताखाली माडी उतरवायचा. तो गेल्यानंतर नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या आणि शेवटच्या संध्याकाळी सगळे बाकावर बसलो. तेव्हा ओतायला दुसराच एक जण होता. तेरोयने आपला ग्लास पिऊन परत दिला. मग उठला, त्याने इस्कोची कॉलर धरली आणि म्हणाला, "तूच मारलंस त्याला." आम्हाला वाटलं दुःखाने बोलतोय, भाऊ गेल्यावर माणूस काहीही बोलतो. पण इस्कोच्या कमरेला माडी काढायचा कोयता होता आणि बघता बघता तो त्याच्या हातात आला. ओतणारा जग टाकून पळाला. मी बाकाखाली शिरायच्या बेतात होतो.

तेवढ्यात मनाय दुकानातून बाहेर आली. तिने ना नवऱ्याला धरलं ना इस्कोला. जग उचलला, थोडी माडी जमिनीवर सांडली, ग्लास भरला आणि इस्कोपुढे धरला. "इस्को, तुझा नंबर आहे," ती म्हणाली, "माणसं थांबलीत." इस्कोने आमच्याकडे बघितलं. आम्ही खरोखर थांबलेलो होतो. हलायची कुणाची छाती नव्हती ही गोष्ट वेगळी, पण थांबलेलो होतो. त्याने कोयता बाकावर ठेवला, ग्लास घेतला, प्याला, परत दिला. मग तिने तेरोयला दिला. तोही प्याला आणि बसून ढसाढसा रडला. मग माझा नंबर आला.

त्या दिवसापासून ओतणारी मनाय. तेरोय पुढे बऱ्याच वर्षांनी छातीच्या दुखण्याने अंथरुणात गेला, आणि त्याच्या पेटीला पहिला खांदा इस्कोने दिला. मनायने आयुष्यात काय केलं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. बाकी काय, साबण विकला.

आता कारिसोल. ही इस्कोची मुलगी. मनिलाला गेली, लग्नांची शूटिंगं केली, टीव्हीच्या मालिकांमध्ये लोकांच्या खुर्च्या उचलल्या, चहा दिला. आणि एक दिवस कॅमेरा घेऊन परत आली. कॅमेरा तिचा नव्हता. छोट्या सिनेमांना मदत करणारा मनिलातला कुणी माणूस होता, त्याने दिलेला. तिला बाकावर सिनेमा काढायचा होता. एक बाक, एक संध्याकाळ, एक ग्लास, आणि सगळ्यांनी आपापलं काम करायचं. गोष्ट कोयत्याचीच. इस्को म्हणून इस्को. तेरोय म्हणून त्याचा मुलगा एल्मार, जो रिक्षा चालवतो आणि बापाचंच तोंड घेऊन आलाय. ओतणारी म्हणून मनाय. मी आवाज पकडणार होतो. आंबे पाडायच्या काठीला माइक बांधला की झालं.

मनिलाहून आल्यावर ती मनायला 'तुम्ही' म्हणायला लागली होती. पहिल्याच दिवशी मनायने मागे वळून बघितलं. "कुणाशी बोलतेस गं? माझ्यामागे कोण उभंय?" तेव्हापासून पुन्हा 'तू'.

पहिला दिवस पाण्यात गेला, अगदी शब्दशः. माणसं शुद्धीत राहावीत आणि ग्लासातली पातळी प्रत्येक वेळी सारखी दिसावी म्हणून कारिसोलने जगात लाल सरबत भरलं होतं. एल्मार शाळेतल्या भाषणासारखा बोलायला लागला. इस्कोने कॅमेऱ्याला सलाम ठोकला. मी माइक खाली आणला तो थेट मासळीच्या ताटलीत. मनायने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि अख्खा जग बदामाच्या बुंध्याशी रिकामा केला. सरबत पिऊन कुणी खरं बोललंय का, असं तिने सगळ्यांदेखत विचारलं, आणि त्यावर कारिसोललाही हसू आलं.

दुसऱ्या दिवशी खरी माडी आली आणि सगळं बदललं. कारिसोल बाकाच्या टोकाला, आमच्या रांगेतच, कॅमेरा मांडीवर घेऊन बसली. तिने एकच नियम केला. ग्लास जिकडे, कॅमेरा तिकडे. ज्याच्या हातात ग्लास त्याचा चेहरा, तो ग्लास परत देईपर्यंत. मग पुढचा. कुणी मध्येच बोललं तरी कॅमेरा वळायचा नाही, त्याने आपल्या नंबराची वाट बघायची. मोठ्या सिनेमात माणूस लांबून देखणा दिसतो, ती म्हणायची, मला माणूस श्वास लागेल इतका जवळून हवाय, आणि इतक्या जवळ बसायचा हक्क फक्त बाकावर मिळतो. मला सिनेमातलं ओ की ठो कळत नाही, पण हे कळलं. फक्त तिच्या स्वतःच्या टोकाला आला की ग्लास पुढे जायचा. काम करताना नको, असं तिने मनायला सांगितलं होतं, आणि मनायने ऐकलं होतं.

असे काही दिवस झकास गेले. मग मनिलाच्या माणसाचा फोन आला. त्याला काढलेले तुकडे आवडले होते, पण शेवट पटेना. बाकीच्यांचा नंबर खोळंबतो म्हणून माणूस हातातला कोयता खाली ठेवतो? कोण विश्वास ठेवणार? पाहणारे हसतील. कोयत्याचा घाव बसला पाहिजे, रक्त सांडलं पाहिजे, नाहीतर हा सिनेमाच नाही, आणि मग कॅमेराही नाही.

कारिसोलने आम्हाला काही सांगितलं नाही. आम्हाला कळलं ते बादलीमुळे. दुकानाच्या पायरीशी लाल रंगाची बादली आणि त्यात टायरच्या रबरातून कापलेला एक कोयता. मनायने तो उचलून वाकवून बघितला.

"हे काय?"

"शेवटासाठी, मनाय."

"कुणाच्या?"

कारिसोल समजावू लागली. हा सिनेमा आहे, तो काही तुझा नवरा नाही, ते एक पात्र आहे. मनायने सगळं ऐकून घेतलं.

"मग त्याला दुसरं नाव दे, दुसरं तोंड दे, आणि दुसऱ्या कुणाच्या बाकावर नेऊन मार. माझ्या पोराला बापाचे कपडे घालून तुझ्या बापाच्या हातून मारवणार, आणि मी शेजारी उभी राहून ओतणार? या बाकावर लाल फक्त माडी असते, बाई."

"पण मरतातच ना माणसं पिऊन?" कारिसोलचाही आवाज चढला. "मी काय खोटं दाखवतेय? आपला बर्तो..."

ती तिथेच थांबली, कारण मागच्या खिडकीची कडी हलल्याचा आवाज आला. इस्को एका बाजूला माडावर चढायचा दोर वळत बसला होता. त्याने दोर तसाच टाकला आणि घराकडे निघून गेला.

मी कारिसोलला वाईट म्हणणार नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या खुर्च्या उचलल्यावर तिच्या हातात एकदाच कॅमेरा आला होता आणि तो काढून घेणार होते. ती पायरीवर बसून मला म्हणाली, मनोय, म्हणजे दादा, मला परत चहा द्यायला जायचं नाहीये.  मनाय आतून सगळं ऐकत होती. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "उद्या या सगळे. मी ओतीन." आणि बादली तिने स्वतःच उचलून सावलीत ठेवली.

मला संताप आला. वाटलं, हरली बाई. आयुष्यभर गावाला, पाद्रीबुवांना, सासूला पुरून उरली आणि शेवटी एका रबराच्या कोयत्यापुढे हरली. घरी जाऊन बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, तुम्हाला बायकांचं काही कळत नाही. ते ती एरवीही म्हणते.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही बसलो. एल्मारने बापाचा जुना शर्ट घातला होता, आत रंगाची पिशवी बांधलेली. इस्को आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. रबराचा कोयता त्याने कमरेला खोचला. नेहमीसारखा ग्लास फिरला, नेहमीसारख्या गप्पा झाल्या, कॅमेरा ग्लासामागून फिरत राहिला. मग एल्मार उठला. त्याने इस्कोची कॉलर धरली. बापाचं वाक्य तो बापाच्याच आवाजात बोलला.

"तूच मारलंस त्याला."

इस्कोने कोयता उपसला. हात वर गेला.

"आता, ताताय," कारिसोल कॅमेऱ्यामागून बापाला हळूच म्हणाली.

मनायने जमिनीवर घोट सांडला. ग्लास भरला. इस्को आणि एल्मार यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली आणि ग्लास इस्कोपुढे धरला.

"मनाय, बाजूला हो. हे नाही ठरलं आपलं."

"इस्को, तुझा नंबर आहे. माणसं थांबलीत."

कारिसोलने थांबा म्हटलं. पुन्हा म्हटलं. कुणी हललं नाही. माझे हात भरून आले होते, तरी मी काठी खाली घेतली नाही. इस्कोने आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे, आणि त्या क्षणी मला समोरचं काय नवं आणि काय जुनं हेच कळेना. त्याने रबराचा कोयता बाकावर ठेवला आणि ग्लास घेतला. पण प्याला नाही. ग्लास हातात धरून बोलायला लागला. माइक आहे का, असं त्याला कुणी विचारलं नाही.

"बर्तो प्यालेला नव्हता," इस्को म्हणाला. "पाऊस पडून गेला होता. बुंधा ओला होता. तो म्हणाला, मनोय, आज नको. मी म्हटलं, भित्र्या, चढ, माडी आंबट होईल. तो चढला. खाली पडला तेव्हा मी त्याचं तोंड हुंगलं होतं, त्याला पाण्याशिवाय कसला वास नव्हता. मग लोक म्हणाले प्यालेला असणार. पाद्रीबुवा म्हणाले. मी गप्प बसलो. सोपं होतं. तेरोयला संशय होता, म्हणून त्याने माझी कॉलर धरली." मग तो कॅमेऱ्याकडे, म्हणजे लेकीकडे वळला. "मारलेलं दाखवायचंय ना तुला? मारलाय मी. त्यासाठी कोयता लागला नाही."

मग तो ग्लास एका दमात प्याला आणि परत दिला.

 आता सगळं मोडणार, असं वाटलं. पण मनायने ग्लास भरला, कारण पुढचा नंबर होता, आणि तो एल्मारचा होता. एल्मारच्या काकाची गोष्ट होती ही.  मनाय हात लांब करून उभी राहिली. शेवटी त्याने घेतला. "माझा बाप खरं बोलत होता तर," एवढंच तो म्हणाला, प्याला, आणि शर्टाच्या आतली रंगाची पिशवी सोडून बाकाखाली ठेवली.

पुढचा नंबर बाकाच्या टोकाला होता. मनाय भरलेला ग्लास घेऊन कॅमेऱ्यासमोर गेली.

"मी काम करतेय, मनाय." कारिसोल कॅमेऱ्यामागूनच म्हणाली.

"बाक थांबलाय."

तिचे दोन्ही हात कॅमेऱ्याला होते. ग्लास घ्यायचा तर कॅमेरा खाली ठेवायला हवा. तिने आमच्याकडे बघितलं, बापासारखंच, एकेकाकडे. मग कॅमेरा बाकावर ठेवला, रबराच्या कोयत्याच्या शेजारी, चालू. हात पुढे केला आणि ग्लास घेतला. मनिलात राहून घसा नाजूक झालेला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पण तिने ग्लास संपवूनच परत दिला. त्यानंतर माझा नंबर होता. माइकची काठी काखेत धरून मी प्यालो, आणि सिनेमात शेवटी जो घटघट आवाज येतो तो माझा आहे.

तो शेवट तसाच ठेवला आहे. वाकडी चौकट, माडीच्या जगाचं बूड, कोयत्याचं टोक, आणि बाहेरून एक हात येतो व ग्लास घेतो. बाकी काही नाही. मनिलाच्या माणसाने फोन करून सांगितलं की हा शेवट नव्हे, हा अपघात आहे. कोयत्याचा प्रसंग पुन्हा काढा नाहीतर कॅमेरा परत करा. कारिसोलने माझ्या दुकानात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं. "कोयत्याचा घाव तेव्हा बसला नाही, आता बसणार नाही, आणि तुम्ही दुसरा कॅमेरा दिलात तरी बसणार नाही." त्याने आपलं नाव काढायला सांगितलं. तिने काढलं. कॅमेरा चांगला पुसून, कापडात गुंडाळून परत पाठवला. माझ्या दुकानात, मोडक्या यंत्रांच्या मध्ये बसून तिने सिनेमा जोडला. ज्या जागी त्या माणसाचं नाव येणार होतं, तिथे आता सुरुवातीलाच एक ओळ येते. बर्तो शुद्धीत होता. बर्तोच्या पूर्ण नावासकट.

पहिला खेळ बाकावरच झाला. माझ्याकडचा सगळ्यात मोठा कॅराओकेचा पडदा मी बदामाच्या फांदीला बांधला. अंधारून येत होतं, अख्खं गाव आलं होतं. पाद्रीबुवाही आले, आणि ती पहिली ओळ आली तेव्हा मी मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. इस्को पुढच्याच बाकावर बसला होता. लोक कुजबुजतील, तोंड फिरवतील, हे त्याला माहीत होतं. कारिसोलने त्याला येऊ नको म्हणून सांगितलं होतं, तरी तो आला.

पडद्यावर तो ग्लास हातात धरून बोलायला लागला आणि मागे कडी वाजली. खिडकी उघडली. म्हातारी सेगुन्दा गजांना धरून उभी होती. किती वेळ आतून ऐकत होती कोण जाणे. सिनेमा संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. शेवटचा हात आला, ग्लास गेला, पडदा काळा झाला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सगळ्यांचं लक्ष खिडकीकडे होतं.

"बिनिंग," म्हातारी म्हणाली, "माझा नंबर कधी येतो?"

मनायच्या हातून चुकून माडी सांडलेली मी कधी बघितली नव्हती, ती त्या दिवशी बघितली. तिने जमिनीवर पहिला घोट दिला, ग्लास भरला आणि गजांमधून आत दिला. म्हातारीने तो दोन्ही हातांनी धरला. आम्ही थांबलो. 

"माझ्या पोराला मी दारुडा म्हणत होते," ती म्हणाली. "मेलेल्या पोराला. रोज." मग तिने इस्कोकडे बघितलं. "तुझ्यामुळे."

ती प्याली. ग्लास परत दिला आणि तोंड पुसलं. मनायने तो पुन्हा भरला. इस्को पुढेच बसला होता, नंबर त्याचाच होता. म्हातारीने गजातून हात बाहेर काढला आणि इस्कोच्या पलीकडचा माणूस दाखवला.

"त्याच्यावरून पुढे ने."

मनायने क्षणभर सासूकडे बघितलं आणि ग्लास पुढे नेला. एल्मारकडे, माझ्याकडे, कारिसोलकडे. इस्को गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. शेंगदाण्यांची ताटली कुणीतरी त्याच्याकडे सरकवली.

त्यानंतर खिडकी बंद झालेली नाही. रोज दुपार कलली की जग बाहेर येतो, पहिला घोट जमिनीला, दुसरा म्हातारीला. माडी इस्कोचीच असते, सकाळी तोच उतरवून आणतो. ग्लास त्याच्यापुढे आला की मनाय थांबते आणि खिडकीकडे बघते. म्हातारी मान हलवते. नाही. ग्लास पुढे जातो.

बाहेरगावची माणसं हल्ली कधी कधी सिनेमा बघून बाक शोधत येतात आणि मला विचारतात, हे असं खरंच होतं का हो? मी त्यांना बसा म्हणतो. इस्को दाखवतो. तो रोज येतो, त्याच जागेवर बसतो, त्याच्यावरून ग्लास जातो आणि तो उठून जात नाही.